गावचे दप्तर आणि ऑब्जेक्टांच्या याद्या : काही रूढ गैरसमज

जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या मुलाच्या कानावर सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे शब्द अगदी लहानपणापासून पडत असतात. कोणत्या कागदावर काय लिहिलेले असते, आणि एका ठिकाणची नोंद बदलली म्हणजे तिचा परिणाम आणखी कोठे दिसला पाहिजे, याचे व्यवहारज्ञान त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातूनच लाभते. तोच मुलगा पुढे तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकीची पदविका घेऊ लागतो, राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे तिसऱ्या सत्रात सी-प्लस-प्लस आणि चौथ्या सत्रात जावा शिकतो, आणि क्लास, ऑब्जेक्ट, कलेक्शन यांच्या इंग्रजी व्याख्या मुखोद्गत करून तोंडी परीक्षेत बिनचूक म्हणून दाखवतो. परंतु या संज्ञांमागची व्यवस्था आपण तलाठ्याच्या दप्तरात अगोदरच पाहिली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. अशा पाठांतराच्या आडोशाने जे गैरसमज टिकून राहतात, त्यांपैकी मला विशेष घातक वाटणाऱ्या काहींचा येथे परामर्श घेतो. त्यासाठी एखाद्या गावच्या जमिनीच्या नोंदी ठेवणारा एक लहानसा प्रोग्राम आपण लिहीत आहोत, असे वाचकाने समजावे.

क्लास म्हणजे एकाच जातीच्या ऑब्जेक्टांचा समूह, हा पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज होय. महाराष्ट्राच्या महसूल व्यवस्थेत गाव नमुना एक ते गाव नमुना एकवीस असे कागद ठरवून दिलेले आहेत. त्यांपैकी सातव्या नमुन्यात जमिनीचे अधिकार, बाराव्यात पिके आणि सहाव्यात फेरफार नोंदवले जातात. कोणते रकाने असावेत आणि त्यांत काय भरावे हे नमुना ठरवतो, आणि क्लासचे कार्यही तेवढेच आहे, फक्त त्या रकान्यांवर कोणती कामे करता येतील हेही क्लास सांगतो. भरलेला प्रत्येक उतारा हा ऑब्जेक्ट. आणि असे उतारे ज्या क्रमाने वा ज्या खुणेने एकत्र ठेवले जातात, ती व्यवस्था म्हणजे संग्रह. आपल्यापासून किती ऑब्जेक्ट निर्माण झाले याची गणती क्लास आपण होऊन कधीच ठेवत नाही. ती हवी असेल तर आपण वेगळी यादी ठेवावी लागते, आणि अशी यादी क्लासशीच स्थिर स्वरूपात बांधून ठेवली तर जावामध्ये त्या यादीतला एकही ऑब्जेक्ट, त्याचे काम संपल्यावरही, स्मृतीतून मोकळा होत नाही. हा भेद नवा नाही. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगोर यांनी सिम्युला 67 या भाषेत क्लासची कल्पना प्रथम मूर्त केली, तेव्हाच याद्या बांधण्यासाठी सिमसेट नावाची निराळी सामग्री त्यांनी भाषेसोबत दिली होती.

याला लागूनच दुसरी समजूत येते : दोन गोष्टींचा संबंध दाखवायचा असेल तर एकीपासून दुसरी वारशाने उत्पन्न करावी. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो सातव्या आणि बाराव्या नमुन्यांचा एकत्र उतारा आहे. तो या दोहोंचा वंशज नसून दोन्ही त्याचे घटक आहेत. खातेदाराच्या आठ-अ मध्ये त्याच्या सर्व गटांची यादी असते, म्हणून खाते हा क्लास अ‍ॅरेलिस्टपासून वारशाने काढणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. असे केले म्हणजे कोणत्याही फेरफाराची नोंद न करता खात्यातला गट परस्पर काढून टाकण्याची, किंवा सगळे खातेच रिकामे करण्याची मुभा बाहेरच्या प्रत्येकाला मिळते, कारण यादीच्या सगळ्या क्रिया वारशाने खात्याकडे आलेल्या असतात. ही चूक थोरामोठ्यांच्या हातूनही झालेली आहे : जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून असलेला स्टॅक हा क्लास व्हेक्टरचा वंशज आहे, आणि ज्याच्या केवळ वरच्या टोकाशी व्यवहार व्हावा अशा त्या रचनेत आजही मधोमध वस्तू घुसवता येते. खात्याजवळ यादी असावी. खाते स्वतः यादी असू नये.

आता ज्या गैरसमजाने सर्वाधिक वेळ वाया जातो त्याकडे वळू. ऑब्जेक्ट यादीत घातला म्हणजे त्याची प्रत यादीत जाते, असे पुष्कळांना वाटते. आणि याचा सारा दोष विद्यार्थ्याला देता येत नाही, कारण तिसऱ्या सत्रात त्याने जी सी-प्लस-प्लस शिकलेली असते तिच्या व्हेक्टरमध्ये साधा ऑब्जेक्ट घातला असता खरोखरच प्रत जाते. चौथ्या सत्रात भाषा बदलते, शब्द बहुतांशी तेच राहतात, आणि त्यांच्याखालची वस्तुस्थिती मात्र पूर्णपणे पालटते. जावाच्या आणि पायथॉनच्याही यादीत ऑब्जेक्ट जात नाही, त्याचा केवळ निर्देश जातो. अंबड तालुक्यातील एखाद्या गावचा मोसंबीच्या बागेचा गट गावाच्या एकूण यादीत आहे, आणि जमीन सामाईक असल्यामुळे दोन भावांच्या खात्यांतील याद्यांतही आहे, असे धरू. प्रोग्राममध्ये या तीन याद्यांत तीन गट नाहीत; गट एकच आहे आणि त्याचा निर्देश तीन ठिकाणी आहे. एका यादीतून त्याला गाठून क्षेत्राचा आकडा बदलला की उरलेल्या दोन्ही ठिकाणी नवाच आकडा दिसणार, आणि आपल्याला तेच हवे आहे, कारण जमीन एकच आहे. हाच प्रोग्राम सी-प्लस-प्लसमध्ये साध्या व्हेक्टरांनी लिहिला तर तीन स्वतंत्र प्रती निर्माण होतील, एकीत केलेली दुरुस्ती दुसरीला कळणार नाही, आणि तिन्ही याद्या परस्परविरुद्ध साक्ष देऊ लागतील.

याच अज्ञानातून आणखी एक प्रमाद घडतो. शंभर नोंदी वाचून यादी भरायची असता विद्यार्थी नवा ऑब्जेक्ट आवर्तनाच्या बाहेर एकदाच तयार करतो, प्रत्येक फेरीत त्याचे रकाने बदलतो आणि तोच पुनःपुन्हा यादीत घालतो. शेवटी यादीची लांबी बरोबर शंभर भरते, पण पाहावे तेथे शेवटचाच गट दिसतो. संगणकाने येथे काहीही चुकवलेले नाही. एकाच ऑब्जेक्टाचा निर्देश शंभर वेळा नोंदवा असे सांगितले होते, तसे त्याने केले. तसेच जुन्या यादीवरून नवी अ‍ॅरेलिस्ट तयार केली म्हणजे सर्व काही सुरक्षित वेगळे झाले असे मानणेही चूक आहे; यादी वेगळी होते, आतील ऑब्जेक्ट सामाईकच राहतात.

ज्या दोन ऑब्जेक्टांतील मजकूर सारखा ते दोन्ही संग्रहाच्या दृष्टीने एकच, ही समजूतही अशीच फसवी आहे. गट क्रमांक 1 बहुतेक प्रत्येक गावात सापडतो. म्हणून जमिनीची ओळख केवळ क्रमांकाने ठरत नाही, गाव आणि तालुका त्यात आलेच पाहिजेत. ही ओळख कशाने ठरवायची हे संग्रहाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ते क्लासने सांगावे लागते. जावामध्ये आपण काहीच सांगितले नाही तर दोन ऑब्जेक्ट तेव्हाच समान मानले जातात जेव्हा ते मुळात एकच असतात, आणि म्हणून अक्षरशः सारख्या दोन नोंदी हॅशसेटमध्ये सुखाने शेजारी राहतात. इक्वल्स ही क्रिया लिहिली पण हॅशकोड लिहायचे राहिले, तरीही तोच प्रकार संभवतो. कारण हॅशसेट आधी हॅशकोडवरून कप्पा ठरवतो आणि त्या कप्प्यात जे सापडेल त्याच्याशीच तुलना करतो. पायथॉनने या बाबतीत अधिक सावधगिरी दाखवली आहे : समानतेची क्रिया लिहून हॅशची लिहिली नाही, तर तो ऑब्जेक्ट सेटमध्ये घालूच दिला जात नाही.

या हॅशचा दुसरा धोका आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासावरून चांगला समजतो. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. त्यात औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके आले, आणि परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून आला. समजा, आपल्या प्रोग्राममधील हॅशमॅपची किल्ली जिल्हा, तालुका, गाव आणि गट या चारही गोष्टी मिळून बनलेली आहे, तिचा हॅशकोड या चारींवरून काढला जातो, आणि नोंदी मॅपमध्ये असतानाच परतूरच्या किल्ल्यांमधील परभणी हे नाव खोडून जालना असे लिहिले. नोंदी मॅपमध्ये आहेत, मोजल्या तर संख्या पूर्ण भरते, पण नव्या नावाने शोधू गेल्यास संगणक नव्या हॅशकोडचा कप्पा उघडतो, आणि नोंद तर जुन्याच कप्प्यात पडलेली असते. जुन्या नावाने शोधले तर कप्पा सापडतो, पण आतील नाव जुळत नाही. किल्लीने शोधून ती नोंद कोणत्याच नावाने हाती लागत नाही. म्हणून किल्ली एकदा मॅपमध्ये गेल्यावर तिचा कोणताही अंश बदलता कामा नये. बदल अपरिहार्य असेल तर जुनी नोंद काढून नव्या किल्लीने पुन्हा घालावी. 2021 साली आलेल्या जावा 16 पासून रेकॉर्ड या प्रकाराने अशी किल्ली सहज लिहिता येते : त्याचे रकाने पुन्हा लिहिता येत नाहीत, आणि इक्वल्स व हॅशकोड आपोआप तयार होतात.

खाजगी आणि फायनल हे दोन शब्द लिहिले की यादी सुरक्षित झाली, असाही एक भाबडा विश्वास आहे. फायनलमुळे त्या नावाला दुसरी यादी जोडता येत नाही इतकेच. आहे त्या यादीत भर घालण्यास वा तिच्यातून काढण्यास त्याचा काडीमात्र प्रतिबंध नसतो. आणि खाजगी यादी जर आपल्याच एखाद्या क्रियेने मागणाऱ्याच्या हाती जशीच्या तशी दिली, तर त्या खाजगीपणाला अर्थ उरत नाही. तहसील कचेरीत अर्जदाराला नक्कल मिळते, मूळ अभिलेख त्याच्या स्वाधीन केला जात नाही; क्लासनेही हाच दंडक पाळावा. 2018 च्या जावा 10 मधील लिस्ट डॉट कॉपीऑफ अशी न बदलणारी नक्कल देते. जुनी अनमॉडिफायेबललिस्ट मात्र मूळ यादीकडे पाहण्याची केवळ खिडकी असून, मूळ बदलले की तिच्यातले दृश्यही बदलते.

दोन किरकोळ समजुती थोडक्यात निकालात काढता येतील. यादीतून फिरत असताना तीतलाच घटक काढल्यावर जावा जो कन्करंट मॉडिफिकेशनचा अपवाद फेकते, तो अनेक थ्रेड असतानाच येतो हे खरे नाही. एकटा प्रोग्रामही तो ओढवून घेतो. उलट, अ‍ॅरेलिस्टमधील शेवटून दुसरा घटक असा काढला तर अपवाद येतच नाही आणि शेवटचा घटक न तपासताच फेरी संपते, जे अधिक वाईट; रिमूव्हइफ वापरावे. तसेच लिंक्डलिस्टमध्ये भर घालणे नेहमी वेगवान, हे पुस्तकी विधान बहुधा प्रत्यक्षात टिकत नाही, कारण मधली जागा शोधण्यासाठीच एकेक दुवा ओलांडत जावे लागते. 1998 साली जावा 1.2 बरोबर आलेली संग्रहांची चौकट ज्यांनी रचली ते जोशुआ ब्लॉक स्वतःही लिंक्डलिस्ट वापरत नसल्याचे जाहीरपणे सांगून चुकले आहेत.

जालन्याच्या आणि मराठवाड्याच्या इतर भागांतील विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. यातील कोणतेही विधान माझ्या शब्दावर स्वीकारू नका. आपल्या गावच्या एका गटाचे, सारख्याच मजकुराचे दोन ऑब्जेक्ट तयार करा. ते हॅशसेटमध्ये घालून संख्या छापा, मग इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही लिहून पुन्हा छापा, आणि शेवटी एकाचा तालुका बदलून त्याला शोधून पाहा. प्रयोगशाळेतल्या अर्ध्या तासाचे हे काम आहे, ते व्याख्या पाठ करण्याच्या आधी करा.