उष्णता, जल आणि प्रथिनांचे स्थैर्य : प्रिवालोव्ह यांचे संशोधन व आपले शोधनसंस्कार

अग्नी आणि जल यांचा संस्कार झाला म्हणजे द्रव्याचे गुण पालटतात, हे वैद्यास नव्याने सांगावयास नको. चरकाचार्यांनी आहारविधीच्या आठ विशेष आयतनांत 'करण' म्हणजेच संस्कार याची गणना केली आहे. औषधनिर्माणात तर संस्कारावाचून आपले एक पाऊलही पुढे पडत नाही. तथापि उष्णतेने द्रव्यात नेमके काय पालटते, किती उष्णतेने पालटते आणि थंड झाल्यावर ते पूर्ववत होते काय, हे प्रश्न मोजमापाचे आहेत. प्रथिने व डीएनए यांच्यापुरती त्यांची उत्तरे शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या प्योत्र प्रिवालोव्ह या जीवभौतिक रसायनशास्त्रज्ञाच्या कार्याचा येथे परिचय करून देत आहे. आपल्या औषधशाळेशी त्याचा जो संबंध पोहोचतो, तोही शेवटी पाहू.

सूक्ष्म उष्णतेचे मापन

प्रिवालोव्ह यांचे आरंभीचे कार्य जॉर्जियातील त्बिलिसी येथे, अतिशीत हेलियमच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या आंद्रोनिकाश्विली यांच्या भौतिकी संस्थेत झाले. पुढे मॉस्कोनजीकच्या पुश्चिनो येथील प्रथिन संशोधन संस्थेत आणि १९९० च्या दशकापासून अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी काम केले.

प्रथिनाचे द्रावण अत्यंत विरल असते. त्यातील प्रथिन उलगडताना जी उष्णता शोषली जाते, ती सभोवतीचे पाणी तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या तुलनेत नगण्य असते. ती मोजण्यासाठी त्यांनी जे सूक्ष्म उष्णतामापक विकसित केले, त्यात दोन समान कुप्या असतात. एकीत प्रथिनाचे द्रावण, दुसरीत केवळ द्रावक. दोन्ही समान गतीने तापवावयाच्या आणि त्यांचे तापमान सारखे राखण्यासाठी पहिलीस किती अधिक ऊर्जा द्यावी लागते, ते टिपावयाचे. तापमान हळूहळू वाढत असता आलेखावर एका विशिष्ट ठिकाणी शिखर उमटते. तेथे प्रथिनाची घडी मोडलेली असते.

१९७४ मध्ये खेचिनाश्विली यांच्यासमवेत त्यांनी रायबोन्यूक्लिएज, लायसोझाइम, कायमोट्रिप्सिन, सायटोक्रोम-सी व मेटमायोग्लोबिन या पाच प्रथिनांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. शिखराच्या क्षेत्रफळावरून मोजलेली उष्णता आणि शिखराच्या तीक्ष्णतेवरून गणिताने काढलेली उष्णता यांचा मेळ बसला. याचा अर्थ असा की, लहान प्रथिनाची घडी अंशाअंशाने सैल होत नाही. ती एक तर पूर्ण असते किंवा पूर्ण मोडते. मधली अवस्था जवळजवळ आढळत नाही.

अल्प अंतरावर टिकलेले स्थैर्य

दुसरा निष्कर्ष अधिक विस्मयकारक आहे. प्रथिनाची घडी टिकविणाऱ्या आणि मोडू पाहणाऱ्या, अशा दोन्ही शक्ती फार मोठ्या असतात. त्यांची वजाबाकी मात्र सामान्य तापमानास मोलमागे सुमारे २० ते ६० किलोज्यूल इतकीच उरते. म्हणजे मोजक्या हायड्रोजन बंधांच्या बळाइतक्या फरकावर संपूर्ण रेणूचे स्थैर्य अवलंबून असते. तापमानात, आम्लतेत वा क्षारांच्या प्रमाणात थोडा पालट झाला तरी पारडे फिरू शकते.

या वजाबाकीत पाण्याचा वाटा मोठा आहे. घडी उलगडली की प्रथिनाचे जलविरोधी भाग पाण्यास उघडे पडतात आणि त्या द्रावणाची उष्णताधारकता वाढते. या वाढीवरून गणित मांडले, तर प्रथिन अति उष्णतेने जसे मोडते तसे अति शीतानेही मोडले पाहिजे, असे निघते. १९८६ मध्ये प्रिवालोव्ह व सहकाऱ्यांनी मेटमायोग्लोबिनच्या आम्लयुक्त द्रावणात हे प्रत्यक्ष दाखविले. द्रावण थंड करीत नेता प्रथिन उलगडले, आणि त्या वेळी उष्णता शोषली न जाता बाहेर पडली.

डीएनएच्या बाबतीतही पाणीच निर्णायक ठरले. ग्वानिन-सायटोसिन जोडीत तीन आणि अ‍ॅडेनिन-थायमिन जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात, म्हणून पहिली जोडी अधिक बळकट, असे पाठ्यपुस्तके शिकवीत आली. प्रिवालोव्ह व पोर्ट्समथचे कोलिन क्रेन-रॉबिन्सन यांच्या मापनात मात्र अ‍ॅडेनिन-थायमिन जोडी तुटताना अधिक उष्णता शोषली जाते, असे आढळले. या जोडीजवळच्या अरुंद खाचेत पाण्याचे रेणू शिस्तीने बद्ध असतात. जोडी सुटताना ते मोकळे होतात आणि अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, पुष्कळ वाढते. त्यामुळेच अधिक उष्णता शोषूनही ही जोडी कमी तापमानास सुटते. केवळ बंधांची संख्या मोजून स्थैर्याचा निर्णय होत नाही, हा याचा बोध.

औषधशाळेसाठी बोध

आता आपल्या विषयाकडे वळू. रसशास्त्रात उपविषांत गणलेल्या गुंजेचे प्रमुख विष 'अ‍ॅब्रिन' हे प्रथिन आहे. पेशीतील प्रथिननिर्मिती करणाऱ्या रायबोसोमला ते निकामी करते. उष्णतेने त्याची घडी मोडली की त्याचा विषप्रभाव नष्ट होतो. गोदुग्धात वा कांजीत दोलायंत्राने स्वेदन करण्याचा जो विधी आचार्यांनी सांगितला, त्यास येथे भक्कम भौतिक आधार मिळतो. परंतु त्याबरोबर जबाबदारीही येते.

पहिली गोष्ट तापमानाची. घडी मोडण्याचे तापमान गाठलेच नाही, तर कितीतरी वेळ कोमट द्रवात ठेवूनही 'अर्धे शोधन' साधेलच असे नाही. पोटली मोठी व घट्ट बांधली आणि मधल्या बीजांपर्यंत उष्णता पोहोचली नाही, तर बाहेरची बीजे शुद्ध आणि आतली अशुद्ध राहू शकतात. दुसरी गोष्ट काळाची. पुष्कळ लहान प्रथिने थंड होताच पुन्हा मूळ घडी घेतात. उलगडलेले रेणू परस्परांत गुंतून बसण्यास वा त्यांत रासायनिक पालट होण्यास उच्च तापमानात काही वेळ जावा लागतो, आणि मगच ती मोड कायमची होते. प्रहरांचा सांगितलेला काळ घाईने कमी करू नये, तो यासाठी. तिसरी गोष्ट जलाची. शुष्क प्रथिन ओल्या प्रथिनापेक्षा उष्णतेस अधिक काळ दाद देत नाही. म्हणून स्वेदनाच्या जागी कोरडे भर्जन हा सोयीचा पर्याय समजू नये.

हाच न्याय सर्व विषद्रव्यांस लावणे मात्र चुकीचे होईल. वत्सनाभातील अ‍ॅकोनिटिन व कुचल्यातील स्ट्रिक्निन ही अल्कलॉइडे आहेत. भल्लातकाचा दाहकारी अंश फिनॉल जातीचा आहे. त्यांना प्रथिनासारखी मोडणारी घडी नाही. वत्सनाभात उकळण्याने अ‍ॅकोनिटिनचे जलविघटन होऊन ते सौम्य होते, ही प्रक्रिया सर्वस्वी वेगळी. प्रत्येक द्रव्याचे शोधन त्याच्या स्वभावानुसार वेगळे सांगितले आहे, त्याचे मर्म येथेही दिसते.

कोणी यावरून उष्मागतिकी म्हणजेच अग्निसिद्धांत असे म्हणू लागेल, तर ते दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे ठरेल. आपल्या अग्निविचाराची व्याप्ती तापमापकात मावणारी नाही. दुसरीकडे, वेष्टनावर 'डीएनए' हा शब्द छापल्याने औषध सिद्ध होत नाही. प्रिवालोव्ह यांच्यापासून घ्यावयाचे ते मोजण्याचे व्रत. औषधशाळाधारकांनी प्रत्येक शोधनाच्या वेळी द्रवाचे तापमान, स्वेदनाचा काळ, पोटलीचे वजन व द्रवाचे प्रमाण यांची नोंद ठेवावी. अ‍ॅब्रिनसारख्या विषाबाबत तयार मालाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. परंपरेने दिलेला विधी आपण पाळला, याची साक्ष रुग्णास अखेर या नोंदवहीतूनच मिळणार आहे.