गर्भपात : संमती नेमकी कोणाची?

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे २०१७ च्या अखेरीस एका पित्याची याचिका आली. त्याची अल्पवयीन मुलगी लैंगिक अत्याचारातून गर्भवती राहिली होती आणि तिचा गर्भपात करण्याची अनुमती तो मागत होता. न्यायालयाने कायद्याची भाषा पाहून निर्णय दिला. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती आवश्यक आहे. मुलीची संमती कायद्याने मागितलेलीच नाही, असा त्या निर्णयाचा गाभा होता. त्या पित्याला दिलासा मिळाला. गर्भपाताच्या वादातील सर्वांत अवघड प्रश्न मात्र त्यातूनच उघडा पडला. ज्या देहात गर्भ वाढतो आहे, त्या देहाच्या स्वामिनीला विचारायचे की नाही?

अमेरिकेत हा वाद गर्भाचा जीवनाधिकार आणि स्त्रीचा निवडीचा अधिकार अशा दोन टोकांत मांडला जातो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गर्भपाताला दिलेले घटनात्मक संरक्षण जून २०२२ मध्ये काढून घेतले. गोमंतकीयांना अधिक परिचित असलेल्या पोर्तुगालने २००७ मध्ये सार्वमत घेतले आणि दहा आठवड्यांपर्यंत स्त्रीच्या इच्छेने होणारा गर्भपात गुन्ह्याच्या कक्षेतून वगळला. भारताची वाट या दोन्हींहून निराळी आहे. येथे गर्भपात हा मुळात गुन्हाच आहे. १८६० च्या दंडसंहितेत तो ३१२ व्या कलमात होता, आज भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात आहे. विशेष म्हणजे स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाच्या कक्षेत येते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने या गुन्ह्याला अपवाद निर्माण केला, पण तो अपवाद दिला डॉक्टरांना. स्त्रीची संमती लागते. तिच्या इच्छेने मात्र भागत नाही. गर्भ ठेवल्यास तिच्या जिवाला अथवा शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका आहे, किंवा मुलात गंभीर व्यंग राहील, असे डॉक्टरांचे मत पडावे लागते.

हा कायदा स्त्रीमुक्तीच्या मागणीतून जन्मला, असे समजणे चूक ठरेल. असुरक्षित, चोरट्या गर्भपातांत बायका मरत होत्या आणि सरकारला लोकसंख्येचीही चिंता होती. १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. त्यांच्या अहवालातून आलेल्या कायद्यावर डॉक्टरांचा ठसा उमटणे स्वाभाविकच होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि तेही अत्याचारपीडित, अल्पवयीन, विधवा वा घटस्फोटित अशा ठरावीक गटांतील स्त्रियांसाठीच. चोवीस आठवड्यांपुढे केवळ गर्भातील गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावयाच्या गर्भपाताला मात्र ही मुदत लागू नाही.

या संपूर्ण रचनेत न्यायालयाच्या अनुमतीचा उल्लेख कोठेही नाही. मुदतीच्या आत असलेल्या स्त्रियांनाही न्यायालयाची पायरी का चढावी लागते, याचे उत्तर भीतीत आहे. अत्याचाराचे प्रकरण असले की डॉक्टर, पोलीस, तुरुंगाधिकारी असे सारेच आदेशाचा कागद मागतात. याच इंदूर खंडपीठापुढे २०१३ मध्ये आलेले प्रकरण यासाठी पाहण्याजोगे आहे. खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या, वेश्याव्यवसायात बळजबरीने लोटल्या गेलेल्या एका गर्भवती स्त्रीला तो गर्भ नको होता. सज्ञान असूनही तिला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. न्यायालयाने तिला अनुमती दिली. बळजबरीतून राहिलेला गर्भ वाढवण्याची सक्ती हीच मानसिक आरोग्याला गंभीर इजा होय, हे त्यामागील सूत्र. १९७१ च्या कायद्याच्या स्पष्टीकरणातही बलात्काराबाबत हेच गृहीत धरलेले आहे. तरीही कागद फिरत राहतो आणि गर्भ आठवड्यागणिक वाढत असतो. सुरुवातीस गोळ्यांनी होऊ शकणारी गोष्ट पुढे प्रसूतीइतकी कठीण होऊन बसते.

नैतिक आक्षेप हलक्यात घेण्याजोगा नाही. धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला महापातकांच्या जवळ बसवले. कॅथलिक चर्च गर्भधारणेच्या क्षणापासून जीवन पवित्र मानते, आणि गोव्यात ही भूमिका केवळ पुस्तकात राहिलेली नाही. गर्भ म्हणजे काहीच नव्हे असे म्हणणारा कायदा भारतात नाही. मुदतीची मर्यादा आहे ती यासाठीच. पण याच समाजाने विधवेच्या गर्भाचे काय केले, हेही आठवावे लागते. १८६३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच स्त्रियांसाठी. गर्भाविषयीचा कळवळा आणि गर्भवतीविषयीची निर्दयता एकाच घरात सुखाने नांदत होती. त्यातच ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दाने अलीकडे गोंधळ वाढवला आहे. मुलगी नको म्हणून लिंगनिदान करणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु त्या मोहिमेच्या फलकांमुळे गर्भपात म्हणजे सरसकट बेकायदा, अशी समजूत बळावते आणि त्या समजुतीची किंमत कायदेशीर हक्क असलेली स्त्री मोजते.

संमतीचा अर्थ केवळ गर्भ नाकारण्याचा अधिकार असा नाही. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी निवाऱ्यात अत्याचाराला बळी पडलेल्या एका मतिमंद, पण सज्ञान तरुणीचा गर्भपात करण्याचा आदेश तेथील उच्च न्यायालयाने दिला होता. तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मूल होऊ देणे वा न देणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे, हे त्या निकालाने प्रथमच ठसठशीतपणे सांगितले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांचा लाभ दिला. मात्र पुढच्याच वर्षी एका विवाहितेला २६ आठवड्यांच्या गर्भाबाबत त्याच न्यायालयाने नकार दिला. त्याआधी त्या प्रकरणात दोन महिला न्यायमूर्तींमध्येच मतभेद झाला होता, ही बाब या प्रश्नाच्या अवघडपणाविषयी पुष्कळ सांगून जाते.

इंदूरच्या २०१७ मधील निर्णयाने उघडा केलेला प्रश्न २०२४ मध्ये मुंबईतील चौदा वर्षांच्या मुलीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात पुन्हा आला. मुंबई उच्च न्यायालयाने अनुमती नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला ती दिली. तेव्हा गर्भ सुमारे तीस आठवड्यांचा होता. आठवडाभरातच, मुलीच्या जिवाला धोका होईल या भीतीने, पालकांनी मन बदलले आणि २९ एप्रिलला आदेश मागे घेण्यात आला. मुलीचे आणि पालकांचे मत तेथे जुळत होते. परंतु ते जुळले नाही तर मुलीचे मत विचारात घेतलेच पाहिजे, गर्भवतीची संमती सर्वोपरी आहे, असे न्यायालयाने नमूद केले. इंदूर खंडपीठाने कायद्याची अक्षरे वाचली होती. येथे घटनेच्या उजेडात त्याच अक्षरांचा अर्थ लावला गेला.

याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. २०१२ पासून लैंगिक संबंधांसाठी संमतीचे वय अठरा आहे. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीचे प्रेमप्रकरणही कायद्याच्या लेखी अत्याचारच ठरते आणि ते कळताच पोलिसांना कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर येते. २०२२ च्या निकालाने अशा वेळी मुलीचे नाव न उघड करण्याची सवलत दिली आहे. ती किती डॉक्टरांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे. नाव उघड होण्याच्या भयाने मुलगी दवाखान्याऐवजी कोणाकडे जाईल, हे सांगावयास नको. दुसरीकडे, घराण्याच्या अब्रूसाठी मुलीच्या मनाविरुद्ध गर्भपात उरकू पाहणारे पालकही असतात. मुलीच्या आयुष्याची होणारी राख पाहून व्याकूळ झालेलेही असतात. दोघांचीही स्वाक्षरी कागदावर सारखीच दिसते.

२०२१ मध्ये कायद्यात ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला, आठवडे वाढले, वैद्यकीय मंडळे आली. तिसऱ्या कलमातील पालकाच्या संमतीचे पोटकलम मात्र होते तसेच राहिले.