मॅस्टोडॉनवर जाताय? आधी हे वाचा

जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये ट्विटरला पर्याय म्हणून मॅस्टोडॉन सुरू केले. भारतात त्याचा बोलबाला झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले आणि निषेध म्हणून अनेकांनी तिकडे खाती उघडली. त्यातले बरेच जण पुढे परतलेही.

घोडे अडते ते पहिल्याच पायरीवर. इथे एक मालक नाही, हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत आणि त्यातला एक आपण निवडायचा. पत्ता ई-मेलसारखा: आधी नाव, मग सर्व्हर. खाते उघडले की समोर रिकामी भिंत, कारण काय दाखवायचे हे ठरवणारा अल्गोरिदमच नाही. अंबडच्या बागायतदाराने ‘मोसंबी’ शोधले, तर हाती फारसे लागणार नाही. शोध आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्या मजकुरातच चालतो. लेखकाने परवानगी दिलेल्या पोस्टमधला शब्दशोधही सप्टेंबर २०२३ मध्ये आला. तोवर मदार मुख्यतः हॅशटॅगवर होती. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.

हा त्रास खरा आहे, पण आपले बोलणे एका कंपनीच्या मर्जीवर राहू नये, यासाठी तो सोसण्याजोगा आहे. जालन्यातल्या कुणाला जायचेच असेल, तर एकट्याने जाऊ नका. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले दहा-बारा जण मिळून जा, मराठी हॅशटॅग ठरवून वापरा आणि निदान महिनाभर तरी टिकून राहा.