झाडावर टीव्हीची डिश बांधली आणि हिमालयातल्या गावात इंटरनेट आलं

घरातलं वायफाय दोन भिंतींच्या पलीकडे गेलं की दम तोडतं. पण नेपाळमधल्या एका मास्तरांनी हेच वायफाय वापरून कित्येक किलोमीटर लांबच्या डोंगरातल्या गावात इंटरनेट पोहोचवलं. तेही २००३ मध्ये, जेव्हा आपल्याकडे मेल बघायला सायबर कॅफेत जावं लागायचं.

या मास्तरांचं नाव महाबीर पुन.

त्यांचं गाव नांगी, म्याग्दी जिल्ह्यात साधारण २,२०० मीटर उंचीवर. तेव्हा जवळच्या रस्त्यापासून गावात यायचं म्हणजे सात तासांची चढण. अमेरिकेतल्या नेब्रास्कात शिकून पुन गावी परतले आणि शाळेच्या कामाला लागले. ऑस्ट्रेलियातून जुने कॉम्प्युटर भेट मिळाले, तर ओढ्याच्या पाण्यावर छोटं जनित्र बसवून ते चालवले.

कॉम्प्युटर आले, पण इंटरनेट कुठून आणायचं? गावात टेलिफोनची लाइनच नव्हती. इंटरनेटसाठी पोखरा शहर गाठायचं, तर एक दिवस जायचा.

२००१ मध्ये पुन यांनी थेट बीबीसीला ईमेल करून अडचण सांगितली. ती बातमी वाचून युरोप-अमेरिकेतले स्वयंसेवक मदतीला आले. झाडांवर टीव्हीच्या डिश बांधून नांगी आणि शेजारचं रामचे ही गावं जोडली गेली. मग डोंगरमाथ्यांवर रिले स्टेशन उभी राहिली आणि २००३ पर्यंत पोखराचं इंटरनेट नांगीत आलं.

पण वायफाय एवढ्या लांब जातं कसं?

घरातला राउटर बल्बसारखा असतो, सगळीकडे थोडा थोडा सिग्नल फेकतो. डिश लावली की तोच सिग्नल टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेला जातो. समोरच्या टोकालाही तशीच डिश लावली, की कित्येक किलोमीटरवर लिंक जुळते.

अट एकच. दोन्ही डिशना एकमेकी दिसल्या पाहिजेत. नुसती सरळ रेष मोकळी असून भागत नाही, रेषेच्या आजूबाजूलाही जागा लागते. १० किलोमीटरच्या लिंकला नेहमीच्या २.४ गिगाहर्ट्झवर अगदी मधोमध सगळ्या बाजूंनी साधारण १७-१८ मीटरचा पट्टा लागतो. त्यात झाडं वाढली की सिग्नल पडतो.

मध्ये डोंगर आला तर? तर त्याच्याच माथ्यावर रिले ठेवायचा. मोहरे डांडा या माथ्यावर तेच केलं गेलं. जो डोंगर आडवा येतो, तोच फुकटात मिळालेला टॉवर होतो.

खरी डोकेदुखी पुढेच होती. माथ्यावर वीज नसते, म्हणून सोलर पॅनल आणि बॅटऱ्या वर न्यायच्या. वीज कोसळली की उपकरणं जळायची भीती. आणि एक रिले बंद पडला की त्याच्या पुढची सगळी गावं बंद.

त्यात तो काळ माओवादी संघर्षाचा. वायरलेस उपकरणांवर सरकारी बंधनं होती. फेब्रुवारी २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली, तेव्हा तर देशभरातले फोन आणि इंटरनेटच तोडले गेले होते.

तरीही जाळं वाढत गेलं. गावातल्या दवाखान्यातून पोखराच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलता येऊ लागलं. याकपालकांना व्यापाऱ्यांशी भाव ठरवता येऊ लागला. मध आणि चहाला गावाबाहेर गिऱ्हाईक मिळू लागलं. २००७ मध्ये पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव आलं.

मोबाईल कंपन्या टॉवर उभारताना आधी गिऱ्हाईकं मोजतात. डोंगरावरच्या पन्नास घरांचा नंबर त्यात शेवटी लागतो. नांगीने तो नंबर लागायची वाट पाहिली नाही. महागडा टॉवर नव्हता, पण डिश अचूक वळवणारी आणि रिले बंद पडला की पुन्हा डोंगर चढणारी माणसं गावात होती.