तीनचाकी बाबागाडी घेताना: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावाला तीन चाकं नवी नाहीत. लाकडी पांगुळगाडा पिढ्यान्‌पिढ्या एका लेकराकडून दुसऱ्याकडे जात आला, प्लास्टिकची तीनचाकी सायकल केजच्या बाजारातून येते, आणि रिक्षा तर रोजचीच. आता त्यात भर पडली आहे बारशाला येणाऱ्या मोठ्या खोक्याची. पुण्यातला मामा मोबाइलवर बाबागाडी मागवतो, खोकं घरी येतं आणि त्यासोबत सल्लेही येतात. कुणी म्हणतं, तीन चाकांची गाडी उलटते. कुणी म्हणतं, आपल्या रस्त्यांना तीच बरी. दोघंही निम्मं खरं बोलतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चाकं तीन की चार, हे सगळ्यात शेवटी बघायचं. लेकराचं वय किती, गाडी फिरणार कुठून कुठवर आणि पुढचं चाक केवढं, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात.

“तीन चाकं म्हणजे उलटणारच”

तिपाई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांच्या स्टुलाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. तीन टेकू कोणत्याही खडबडीत जमिनीवर एकाच वेळी टेकतात, चौथा आला की एखादा अधांतरी राहू शकतो. म्हणून उंचसखल वाटेवर तीनचाकी गाडी कमी हिंदकळते. हा तिचा खरा गुण.

धोका आहे तो बाजूच्या कलंडण्याचा. चार चाकांच्या टेकूचा चौकोन होतो, तीन चाकांचा त्रिकोण. पुढे तो निमुळता होत जातो. लेकरू पुढे झुकलेलं असताना गाडी तिरकी झाली की तोल त्या त्रिकोणाच्या कडेकडे सरकतो. आपल्याकडे हे नेमकं कुठे घडतं? जुन्या रस्त्यावर नवा थर टाकून उंच झालेल्या सिमेंट रस्त्याच्या काठावर. तिथून उतरताना बहुतेक जण गाडी तिरकी घालतात. एक मागचं चाक खाली, एक वर. हे टाळायचं. गाडी उलटी फिरवायची, आपण आधी उतरायचं आणि दोन्ही मागची चाकं एकदम खाली घ्यायची. चढताना दांडा खाली दाबला की पुढचं चाक उचललं जातं, आणि ते एकटंच असल्याने उंबरठ्यावर सहज चढतं.

आणखी एक सवय मोडायला हवी, दांड्याला पिशवी अडकवण्याची. बाजारातून येताना भाजीची पिशवी तिथे लटकवली जाते. लेकरू बसलेलं असेपर्यंत तोल राहतो. त्याला उचललं की गाडी मागे कोसळते. कधी कधी लेकरू आत असतानाही. ओझं खालच्या जाळीत ठेवावं, चाकं तीन असोत वा चार.

“तीनचाकी गाडी खराब रस्त्यासाठीच बनवलेली असते”

काही गाड्या तशा असतात, सगळ्या नाहीत. सायकलसारखी मोठी चाकं लावलेली, पळताना ढकलायची तीनचाकी गाडी अमेरिकेतल्या फिल बेक्लर यांनी १९८४ साली बाजारात आणली. पळायला जाताना लेकराला सोबत नेता यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. तिचं रूप लोकांना आवडलं आणि पुढे त्या रूपाच्या पुष्कळ गाड्या निघाल्या. अडचण अशी की रूप तेच राहिलं आणि चाकं लहान झाली. आज मोबाइलवर दिसणाऱ्या स्वस्त तीनचाकी गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांची चाकं वीतभरही नसतात, तीही कडक प्लास्टिकची. मॉलच्या फरशीवर त्या मस्त फिरतात.

चाक जितकं लहान, तितका प्रत्येक खडा त्याच्यासाठी मोठा. बारा इंची चाक ज्या दगडावरून एक हिसका देऊन निघून जातं, तिथे पाच-सहा इंची चाक अडतं. मागून ढकलणाऱ्याचा जोर चालूच असतो आणि गाडी पुढे मान टाकते. म्हणून खडीच्या रस्त्यावर बारा इंचांच्या आसपासचं, हवेचं किंवा जाड फोमचं चाक हवं. ते नसेल तर तीनचाकी घेण्यात अर्थ नाही. मग साधी चारचाकी घ्या, स्वस्त आणि हलकी.

मोठ्या चाकालाही मर्यादा आहे, ती काळ्या मातीची. केज तालुका मांजरेच्या खोऱ्यातला, धनेगावचं मांजरा धरण याच तालुक्यात. इथली माती पावसाळ्यात चाकाला लोण्यासारखी नाही, डिंकासारखी धरते. टायर आणि चिमट्याच्या फटीत चिखल भरला की चाक फिरायचं थांबतं, मग ते कितीही महागाचं असो. उन्हाळ्यात तोच चिखल वाळून बैलगाडीची चाकोरी दगडासारखी कडक होते. बाबागाडीची रुंदी असते दोन-सव्वादोन फूट, दोन चाकोऱ्यांमधलं अंतर त्याच्या दुप्पट. म्हणजे गाडीला चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून चालवावं लागतं. पुढचं चाक चाकोरीत घसरलं की एक मागचं चाक काठावर चढतं आणि आत्ताच सांगितलेलं कलंडणं होतं. शेताच्या वाटेला बाबागाडी नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत. तिथे कडेवरचं लेकरू बरं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तर हा सगळा हिशेब लागूच होत नाही. फडात लेकराला सावली लागते, झोळी लागते आणि कुणाचं तरी लक्ष लागतं. त्यांना कुणी बाबागाडी भेट देत असेल, तर त्या पैशात दुसरं काहीही द्यावं.

“हवेचं चाक पंक्चर झालं की गाडी पुण्याला पाठवा”

बाभळीचे काटे असलेल्या मुलखात ही भीती रास्त आहे, पण उपाय गावातच असतो. बहुतेक मोठ्या गाड्यांच्या ट्यूबला मोटारसायकलला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. त्यामुळे फटफटीची हवा भरणारा कुणीही तिची हवा भरू शकतो. बारा इंची चाकाची ट्यूब पुष्कळदा लहान मुलांच्या सायकलच्या ट्यूबच्या मापाची निघते. टायरच्या कडेला छापलेलं माप सायकलच्या दुकानात दाखवायचं. त्याच कडेला हवेचा जास्तीत जास्त दाबही छापलेला असतो, तो पंक्चरवाल्याला आधी वाचून दाखवा. कॉम्प्रेसरची नळी लावून सवयीने जास्त हवा भरली गेली की लहान ट्यूब फुटते. आणि टणक फुगलेलं चाक लेकराला हादरेही जास्त देतं.

ही कटकट नकोच असेल तर फोमचं चाक घ्या. काट्याने त्याचं काही बिघडत नाही. हादरे थोडे जास्त बसतात, एवढंच.

“पुढचं चाक फिरतं, तेच चांगलं”

गल्लीत वळायला ते हवंच. पण खडबडीत जागी किंवा भरभर चालताना ते थरथरतं, आडवं होतं आणि गाडी अडखळते. चांगल्या तीनचाकीत हे चाक सरळ ठेवून लॉक करायची खिट्टी असते. विकत घेताना ती आहे का, हे आधी पाहा. ती नसलेली गाडी खराब रस्त्याची नव्हे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाक निघतं कसं. घडी लहान व्हावी म्हणून पुढचं चाक झटकन काढता येण्याची सोय असते, आणि ते नीट कसलं नाही तर चालता चालता निखळू शकतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ मध्ये ब्रिटॅक्स या कंपनीविरुद्ध नेमकी हीच तक्रार केली होती. बॉब नावाच्या तीनचाकी गाड्यांचं पुढचं चाक निखळल्याच्या सुमारे २०० घटना आयोगाकडे नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांत मुलं आणि मोठी माणसं दोन्ही जखमी झाली होती. त्याच वर्षाअखेर प्रकरण तडजोडीने मिटलं. चार चाकांत एक निखळलं तर गाडी निदान लंगडत थांबते. तीन चाकांत पुढचं गेलं की चिमटा थेट जमिनीत रुततो. म्हणून घरातून निघताना गाडी पुढून उचलून पुढचं चाक हाताने ओढून बघायचं.

“मान धरली की बसवा”

मान धरणं आणि बसता येणं यांत बरंच अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांची वाढ पाहून २००६ मध्ये जे निष्कर्ष दिले, त्यानुसार आधाराशिवाय बसणं साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान जमतं. एवढी मोठी मुदत आहे. शेजारच्या घरातलं पाचव्या महिन्यात बसलं म्हणून आपलंही बसेल, असं नाही. तोवर पाठ पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी. बऱ्याच तीनचाकी गाड्यांची पाठ अर्धवटच झुकते. ती गाडी तान्ह्यासाठी नव्हेच.

अर्धवट बसलेल्या तान्ह्याची झोपेत मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. “झोपलंय, उठवू नका” ही आजीची माया खरी. पण घरी आल्यावर त्याला सपाट अंथरुणावर ठेवावं. आणि सकाळी पळायला जाताना गाडी ढकलायचा विचार असेल, तर लेकरू सहा महिन्यांचं होईपर्यंत तो सोडून द्या. त्यानंतरही आधी डॉक्टरांना विचारा.

पट्टा पाच टोकांचा हवा. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांमधून. नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून लेकरू खाली घसरतं.

“ऊन लागतं, दुपटं टाका”

एप्रिल-मे महिन्यांत बीडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे सगळेच करतात. गाडीवर दुपटं टाकलं की सावली होते, पण आतली हवा कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून पाहिलं. कोरडं मलमलचं कापड टाकल्यावर गाडीतलं तापमान अडीच अंशांहून अधिक वाढलं. तेच कापड ओलं करून टाकलं आणि सोबत छोटा पंखा लावला, तर ते सुमारे पावणेपाच अंशांनी उतरलं. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने ओल्या कापडाचा उपाय इथे लागू पडतो. पण कापड वाळलं की ते पुन्हा कोरडं दुपटंच, म्हणून ते सारखं ओलं करावं लागतं आणि हवेसाठी एक बाजू उघडी ठेवावी लागते. खरं सांगायचं तर, बारा ते चार लेकराला बाहेर न्यायचं काही कारण नसतं.

“ही गाडी घेतली की पांगुळगाड्याचंही काम होतं”

दुकानात चाकांच्या तीन-चार वस्तू शेजारी शेजारी असतात आणि दुकानदारही सगळ्यांना गाडीच म्हणतो. बाबागाडीत लेकरू बसतं, आपण ढकलतो. पांगुळगाडा धरून लेकरू स्वतः उभं राहतं, चालतं. मागे दांडा असलेली तीनचाकी सायकल तिसरीच वस्तू. नीट बसता येऊ लागलेल्या मुलासाठी ती ठीक, तान्ह्यासाठी नाही. खेळणं म्हणून विकली जात असेल तर तिच्यावर आयएसआय चिन्ह हवं, भारतात खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

आणि चौथी वस्तू वॉकर, गोल चौकटीत लेकराला अडकवणारी. ती मात्र घेऊच नका. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे जखमी झालेली सुमारे २ लाख ३० हजार तान्ही मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात न्यावी लागली. बहुतेकांना डोक्याला किंवा मानेला मार होता आणि बरीचशी जिन्यावरून पडलेली होती. आपल्याकडे जिना नसेल, पण ओटा असतो, पायऱ्या असतात, चूल असते. वॉकरने लेकरू लवकर चालत नाही, हेही अभ्यासांतून दिसलं आहे. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत केव्हाही जमतं, त्यामुळे घाई कशाला?

“गाडीने लेकरू आळशी होतं” यात फारसा दम नाही. अर्धा तास फिरवून आणल्याने कुणी आळशी होत नाही. दिवसभर पट्ट्यात अडकवून ठेवलं तर रांगायला जागाच मिळत नाही, हे खरं. कडेवर घेण्याची आपली जुनी सवय सोडू नये. मांड्या फाकवून बसल्याने खुब्याच्या सांध्यालाही ते चांगलं.

“अंबाजोगाईला जायला सोपं पडेल”

मोठ्या चाकांची तीनचाकी दहा ते चौदा किलोंची भरते. एका हाताने लेकरू, दुसऱ्या हाताने ही गाडी आणि खांद्याला पिशवी घेऊन एसटीत चढून बघा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात लस द्यायला किंवा दाखवायला जाणाऱ्या आईला ती ओझंच होते. तिथे पाच-सहा किलोंची घडीची गाडी किंवा झोळीच चालते. आणि बाबागाडी चारचाकी वाहनातल्या बाळाच्या आसनाचं काम करत नाही. दुचाकीवर तर नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधलेला सुरक्षा-पट्टा १५ फेब्रुवारी २०२३ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको.

शहरातल्या नातेवाइकाची वापरलेली गाडी मिळत असेल तर ती बिनधास्त घ्यावी, फक्त घडीची बिजागरी नीट पाहून. गाडी उघडता-मिटताना लेकराची बोटं बिजागरीत सापडून तुटल्याच्या घटनांमुळे मॅक्लॅरेन कंपनीने २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीची कव्हरं दिली होती. तेव्हा घडी घालताना लेकरू दुसऱ्याच्या कडेवर असू द्या.

नवी गाडी आली तर खोक्याचा पुठ्ठा लगेच चुलीत घालू नका. दहा किलो ज्वारीचं पोतं पट्ट्यात आवळून बसवा आणि नेहमीच्या वाटेने एक फेरी मारा. उतारावर ब्रेक लावून सोडून बघा, एका हाताने वळवून बघा, उंबरठा चढवून बघा. पोतं घसरलं, चाक अडलं किंवा ब्रेक सुटला, तर परत करायची मुदत अजून शिल्लक असते.