चिठ्ठी, डाळ आणि बालसखी

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २००३ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी एक प्रयोगशाळा काढली. आज ती जे-पॅल म्हणून ओळखली जाते. औषधाची चाचणी घेतात तशी इथे गरिबी हटवण्याच्या योजनांची घेतली जाते: योजना कोणत्या गावाला मिळणार हे चिठ्ठीने ठरवायचे आणि मिळालेल्या, न मिळालेल्या गावांतला फरक मोजायचा. २०१९ साली बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले, तेव्हा कौतुक झाले ते या चिठ्ठीचे. मला ते अपुरे वाटते. चिठ्ठी निकाल देते. काय करून पाहावे हे मात्र त्या मुलखात आधीपासून राबणाऱ्या संस्थेलाच सुचते.

उदयपूर जिल्ह्यातला प्रयोग घ्या. सेवा मंदिर या संस्थेबरोबर १३४ गावांत तो झाला. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुले ६ टक्के होती. ठरल्या दिवशी नेमाने शिबिर भरू लागले तिथे ती १८ टक्के झाली. शिबिरात दर लशीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लशी पुऱ्या झाल्यावर ताटांचा संच दिला तिथे ३९. ही लाच झाली, असे म्हणणारे आहेतच. पण नर्सचा दिवसाचा पगार दोन मुले आली काय नि दहा आली काय, तेवढाच. त्यामुळे डाळ देऊनही दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला.

चिठ्ठीत ज्यांचे नाव निघाले नाही त्यांच्यावर अन्याय होतो, हा आक्षेप अधिक गंभीर. मुंबई-वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी योजनेने त्यावर तोड काढली. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळे बसवून अक्षर-अंकांपासून शिकवी. काही शाळांत ती तिसरीला, तर काही शाळांत चौथीला मिळाली. रिकाम्या हाताने कुठलीच शाळा परतली नाही. मुलांचे गुण वाढले.

अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांचा आक्षेप मात्र सहज मोडत नाही: एका ठिकाणी खरे ठरलेले दुसरीकडे खरे ठरेलच कशावरून? बालसखीतून पुढे आलेली पद्धत बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना नुसते प्रशिक्षण आणि साहित्य देऊन सोपवली, तेव्हा शाळेच्या नेहमीच्या वर्गांत फरक पडला नाही. डीटन यांचे म्हणणे इथे खरे ठरले, आणि ते दाखवून दिले तेही याच चिठ्ठीने. हरियाणात पद्धत तीच, शिक्षकही सरकारीच; पण तिच्यासाठी वेळापत्रकात वेगळा तास राखला, देखरेखीला माणसे नेमली, आणि मुले वाचू लागली.