बाटलीची जर्सी झाली. जर्सीचे पुढे काय?

2010 च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझील, पोर्तुगाल आणि नेदरलँड्सचे खेळाडू प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून बनवलेल्या जर्सी घालून मैदानात उतरले होते. एका जर्सीसाठी आठपर्यंत बाटल्या वापरल्याचे नायकी कंपनीने सांगितले होते.

हे आम्ही वर्गात सांगितले, तेव्हा मुलांना खरे वाटेना. पण पाण्याची बाटली आणि पॉलिएस्टरचे कापड मुळात एकाच प्लास्टिकचे. बाटल्या निवडून, धुऊन त्यांचे बारीक तुकडे करतात आणि ते वितळवून धागा काढतात. नवे पॉलिएस्टर बनवण्यापेक्षा यात ऊर्जा कमी लागते.

तरीही अशी जर्सी घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. जुन्या जर्सीची पुन्हा जर्सी मात्र क्वचितच होते. त्यात ताणणारा धागा मिसळलेला असेल, तर काम आणखी अवघड. शिवाय पॉलिएस्टर नवे असो वा बाटलीचे, प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून नदी-समुद्रापर्यंत पोहोचतात.

मग करायचे काय? लेबलावर नुसते ‘इको’ पाहून भुलू नका. पुनर्वापराचा धागा किती टक्के आहे, ते वाचा. घाम आलेला नसेल, तर उगाच धुऊ नका. आमच्या शाळेत क्रीडादिनाच्या टी-शर्टवर आम्ही आता वर्ष छापत नाही. थोरल्याचा टी-शर्ट पुढच्या वर्षी धाकटा घालतो. पालकांचे पैसे वाचतात आणि कपाटात आधीच असलेला कपडा आणखी एक वर्ष चालतो.